ब्रेकच्या रबराचं विरजण

२ जानेवारी १९८९, सोमवार

कार्बन ब्लॅकच्या सप्लायरने कंपनीला दोन डायऱ्या दिल्या. उत्तमरावांनी चामड्याच्या कव्हरची स्वतःला ठेवली आणि रेक्झिनची मला दिली. वर म्हणाले, "शुभदा, बॅच नंबर लिहायला होईल." बॅच नंबरांना रजिस्टर आहे. ही मी घरी आणली आहे आणि हिच्यात काय लिहायचं ते मी ठरवणार.

तर डायरीबाई, ओळख करून देते. मी शुभदा, वय चोवीस, बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास. ठाण्याला खोपटला आई-आबांबरोबर राहते आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रबराच्या युनिटमध्ये केमिस्ट आहे. केमिस्ट एकच असल्यामुळे मुख्य केमिस्टही मीच आणि काचेची भांडी घासणारीही मीच. उत्तमराव मालक. आम्ही पंपाचे आणि इंजिनाचे, तेल गळू न देणारे सील बनवतो, नायट्राइल नावाच्या रबराचे. हे रबर झाडाचं नाही, कारखान्यात बनवलेलं. झाडाचं रबर तेलात टाकलं की फुगून लिबलिबीत होतं, नायट्राइल तेलात वर्षभर ठेवा, ढिम्म. दीड वर्ष झालं तरी मला अजून याचं नवल वाटतं. मैत्रिणींना सांगायला गेले की त्या विषय बदलतात.

आमच्या कारखान्याचा खरा जीव म्हणजे मिल. दोन जाडजूड लोखंडी रूळ समोरासमोर फिरतात, मधल्या फटीत रबर घालायचं, त्यावर काजळी, जस्ताची पूड, गंधक. ते चालवतात दामाजीमामा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, लहानपणी वडिलांबरोबर होडीवर जायचे, गेली अकरा वर्षं मिलवर. रबर झालं की नाही ते चिमूट तोडून दाताखाली धरून सांगतात. मी नंतर यंत्राने कठीणपणा मोजते तर काटा त्यांनी सांगितल्याच्या आसपासच असतो.

त्यांची एक रीत आहे. रोज शेवटच्या बॅचमधला मूठभर गोळा ते डालड्याच्या डब्यात राखून ठेवतात आणि सकाळी पहिल्यांदा तो रुळांवर घालतात. तो लगेच रुळाला चिकटून पट्टा धरतो आणि मग त्याच्यामागे नवं रबर निमूट बसतं. मी पहिल्या महिन्यात विचारलं होतं तेव्हा म्हणाले, "विरजन नाय टाकला तर दही लागतंय का गो बाय?" मी पुस्तकात शोधलं. पुस्तकात विरजण नाही, पण तसं केल्याने बिघडतं असंही नाही. अकरा वर्षांत बिघडलेलं नाही.

५ जानेवारी

नवीन रबर आलं. नाव ईपीडीएम. दामाजीमामांनी पाचव्या मिनिटाला त्याचं "इप्पी" केलं.

उत्तमरावांना ब्रेकच्या धंद्यात शिरायचं आहे. पेडल दाबलं की नळीतलं ब्रेक ऑइल चाकापर्यंत जोर पोचवतं, आणि तिथे टोकाला रबराचा एक कप असतो, रुपयाच्या नाण्याएवढा. तो त्या जोराने सरकतो आणि चाक धरलं जातं. ते ऑइल तेल नसतंच, तेल म्हणायची नुसती सवय आहे. त्याच्यात आमचं नायट्राइल टिकत नाही, ईपीडीएम टिकतं.

गाठोडं उघडलं तेव्हा सगळे गोळा झालो. आत पांढुरकी, दाबली की हळूच परत वर येणारी वडी. ही वायूंपासून बनते, इथिलीन आणि प्रॉपिलीन. ज्याला रंग नाही, आकार नाही, मुठीत धरता येत नाही, ते माझ्या तळहातावर किलोभर वजनाचं बसलेलं. कॉलेजमध्ये याचं समीकरण फळ्यावरून उतरवून घेतलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. आज मात्र माझ्या अंगावर काटा आला. केशरबाई, ज्या सीलच्या कडा कापतात, त्यांनी वडी हुंगली आणि म्हणाल्या, "वास काहीच नाही की याला." त्यांना ते आवडलं नाही.

घरी आबांना सांगितलं. आबा अठ्ठावीस वर्षं खोपट डेपोतून एसटी चालवून निवृत्त झाले, आता एका शाळेची मेटॅडोर चालवतात. ब्रेकच्या कपाबद्दल मी त्यांना सांगायला लागले ही माझी चूक. त्यांनी पाटावर वाटी आणि पेला ठेवून मलाच समजावलं. शेवटी म्हणाले, "माणूस म्हणतो ड्रायव्हरनं गाडी थांबवली. थांबवतं ते एवढंसं रबर."

१० जानेवारी

आजचा दिवस विसरायचा नाही.

शनिवारी दोन बाटल्या ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या. एकीत इंजिनचं तेल, दुसरीत ब्रेक ऑइल. दोन्हींत एक एक तुकडा नायट्राइलचा आणि एक एक त्या ईपीडीएमचा, जो सप्लायरने नमुना म्हणून शिजवून पाठवला होता. चारही तुकडे सारख्या मापाचे, सारखे काळे. कुठला कुठला ते कळावं म्हणून मी दोरे बांधले होते.

आज सत्तर तास झाले. तेलातलं नायट्राइल जसंच्या तसं, ईपीडीएम फुगून जवळजवळ दुप्पट, बोटाने तुटेल असं. ब्रेक ऑइलमध्ये बरोबर उलटं. ईपीडीएम शांत, नायट्राइल सुजलेलं. मी माप घ्यायचा व्हर्नियर हातात घेऊन नुसती उभी राहिले. दिसायला जुळे भाऊ, आणि एक जिथे सुखाने राहतो तिथे दुसरा मरतो. दामाजीमामांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोन्ही बाटल्या उजेडाकडे धरल्या. म्हणाले, "गोड्या पान्यातला मासा खाऱ्यात टाकल्यावानी."

आईला सांगितलं की हे रबर वाफेलाही दाद देत नाही. आई म्हणाली, "मग कुकरच्या रिंगा करा की. ब्रेकचं कुणाला पडलंय." मला हे आधी का सुचलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेतला, गोड काही बोलले नाही.

बुधवारपासून ईपीडीएम मिलवर चढत नाहीये. रूळ घासून, पुसून, केरोसीन लावून लख्ख केले, गरम केले, थंड केले, फट कमी केली, जास्त केली. ते रुळाला धरतच नाही, पिशवीसारखं लोंबतं आणि चुरा होऊन खालच्या ट्रेमध्ये पडतं. दामाजीमामा तीन दिवस ते गोळा करून परत घालत आहेत. त्यांचे खांदे भरून आले आहेत, आणि ते मला ते सांगत नाहीत. उत्तमराव दर तासाला येऊन बघून जातात.

संध्याकाळी मी वैतागले. म्हटलं, "मामा, पुस्तक संपलं माझं. तुम्ही तुमच्या रीतीनं काय करायचं ते करा."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. तिळगुळापेक्षा त्याच वाक्याने खुलला असं मला वाटलं.

१६ जानेवारी

चढलं. मी पोचले तेव्हा रुळावर काळा, चकचकीत, अखंड पट्टा फिरत होता आणि दामाजीमामा कमरेवर हात ठेवून बघत होते. "बसला," एवढंच म्हणाले. काय केलं विचारलं तर हसले. "तुझी रीत येगली, माझी येगली."

काहीजणांच्या हातालाच काहीतरी असतं, हे मी विज्ञानाची पदवी असून लिहिते आहे. माझ्या आजीच्या हातचं दही असंच लागायचं. कारखान्यात सगळ्यांनी चहा घेतला. गडबडीत डालड्याचा डबा मिलच्या पायथ्याशीच राहिला होता, कुणीतरी अडखळेल म्हणून मी तो उचलून फळीवर ठेवला.

२१ जानेवारी

पहिल्या लॉटमधले तीन कप ब्रेक ऑइलच्या परीक्षेतून बाहेर काढले. तिन्ही पास. एकशेवीस डिग्रीत सत्तर तास उकडून निघाले आणि व्यासात केसाएवढा फरक. मी एक कप चिमटीत दाबला, सोडला, तो लगेच आपल्या आकारात आला. पुन्हा दाबला. जेवायच्या सुटीत मी किती वेळ तेच करत होते ते केशरबाईंनी मोजलं असावं.

एवढा छळ सोसून आपला आकार लक्षात ठेवायचा, याला काय म्हणावं. आपण माणसं एका वाईट आठवड्यात वाकडी होतो.

आमच्या कंपनीत पद्धत तीन तुकड्यांची. तिन्ही पास म्हणजे लॉट पास. मी रजिस्टरवर सही केली. एका गाडीला लागणाऱ्या कपांचं एक किट, अशी दोनशे किट ट्रायलसाठी आबांच्या ओळखीच्या देवराम मेकॅनिककडे गेली, खोपटलाच डेपोच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. महिनाभर गाड्यांत बसवून त्याने कळवायचं.

२६ जानेवारी

पहिलं किट आबांच्या मेटॅडोरमध्ये बसलं. झेंडावंदन झालं, मुलांना घरी सोडलं आणि आबा गाडी घेऊन थेट गॅरेजला आले. मीही गेले होते. देवराम चाक उघडून म्हणाला, "काका, जुनं रबर अजून सहा महिने जाईल." आबा म्हणाले, "माझ्या मुलीनं बनवलंय ते बसव."

मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलेलं कुणाला दाखवायचं नव्हतं. उद्यापासून बावीस मुलं माझ्या रबरावर बसून शाळेत जाणार. वायूपासून केलेल्या.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवारी एमआयडीसी बंद, म्हणून घरी. दुपारी कुकरच्या रिंगेचं माप घेतलं.

आबांच्या उजव्या हाताची बोटं मागच्या बाजूने पोळली आहेत. म्हणाले, काल चहाचं पातेलं लागलं. आई म्हणाली, यांनी कधी चहा केला. तिने तूप लावलं. आबा आज फार बोलत नव्हते. मी ईपीडीएमबद्दल सांगत होते, उन्हात भेगा पडत नाहीत, ओझोन वायूलाही दाद देत नाही, परदेशात छपरांवर अंथरतात. ते ऐकत होते, पण माझ्या तोंडाकडे बघत होते. वय झालं आहे त्यांचं. बावीस मुलांचा कलकलाट रोज ऐकायचा म्हणजे गंमत नाही.

८ फेब्रुवारी

आईची तक्रार: आबा दिवसा घरी येत नाहीत. सकाळची मुलं सोडून झाली की साडेबारापर्यंत मोकळे असतात, इतकी वर्षं घरी येऊन पडायचे. आता देवरामच्या गॅरेजमध्ये जाऊन बसतात. डबासुद्धा तिकडेच नेतात. "त्या ग्रीसच्या वासात काय ठेवलंय," आई म्हणाली. मी म्हटलं, निवृत्त माणसाला गॅरेज म्हणजे देऊळ, जाऊ दे.

देवरामकडून अजून काही निरोप नाही. उत्तमराव विचारत होते. काही तक्रार नाही म्हणजे माल चांगला, असं आम्ही दोघांनी ठरवलं. दुसरा लॉट मिलवर आहे आणि आता पहिल्या झटक्यात पट्टा धरतो.

१२ फेब्रुवारी

आज मी आबांवर चिडले. लिहून टाकते म्हणजे झोप येईल.

जेवताना त्यांनी विचारलं, "शुभा, एका लॉटमधले किती तपासता?"

"तीन."

"हजारातले?"

"दोन हजारांतले असले तरी तीन. तशी पद्धत आहे."

त्यांनी भात कालवला. मग म्हणाले, "डेपोत सकाळी गाडी बाहेर काढताना मी सहाही चाकांना हात लावायचो. तीन लावून कसं कळेल बाकीच्यांचं?"

मी म्हटलं, बस वेगळी आणि बॅच वेगळी, बॅच एकजीव असते, भाताचं एक शीत दाबलं तरी कळतं. ते म्हणाले, "भातात खडाही असतो." आणि पाणी प्यायले. मला राग आला कारण मी केमिस्ट आहे आणि ते नाहीत. शिवाय त्यांनी हे सगळं अगदी हळू आवाजात म्हटलं, त्याचाही राग आला.

१३ फेब्रुवारी

राग अजून आहे, म्हणून चाळीस कप लावले. दाखवतेच त्यांना. पहिल्या लॉटमधले नमुने आम्ही राखून ठेवतो, त्यातलेच घेतले. एवढ्या बाटल्या कुठल्या, म्हणून केशरबाईंनी शेजारणींकडून काचेच्या बरण्या गोळा करून आणल्या, दोन मी आईच्या आणल्या. घासून, वाळवून, प्रत्येकीत दोन-दोन कप, नंबर टाकून. ओव्हन उघडला की लोणच्याचा वास येतो. दामाजीमामा म्हणाले, "इप्पीचा लोनचा घातलास काय?"

१६ फेब्रुवारी, गुरुवार

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी दहाला पहिली बरणी उघडली. दोन्ही कप छान. दुसरी, तिसरी, चौथी छान. पाचव्या बरणीत एक कप वाकडा होता. एका बाजूने सुजलेला, ओठाला गांधीलमाशी चावल्यावर दिसतो तसा. मला वाटलं बरणीत लोणच्याचं तेल राहिलं असेल. पण त्याच बरणीतला दुसरा कप ठीक होता. चाळीसांपैकी सात निघाले. सातही एका बाजूनेच सुजलेले.

ब्लेडने एक कापला. काळ्यात काळी, पण जरा वेगळ्या चमकेची एक रेघ आरपार गेली होती. फुगली होती ती रेघ, बाकीचं रबर जागच्या जागी होतं. मी भिंगातून बघत होते तेवढ्यात दामाजीमामा शेजारी आले. त्यांनी तो अर्धा कप माझ्या हातातून घेतला, हुंगला, रेघेवर दात लावला. मग बाहेर गेले आणि डालड्याचा डबा घेऊन आले. माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

डब्यात नायट्राइलचा गोळा होता. अकरा वर्षांचं विरजण. रोज थोडं काढायचं, रोज थोडं भरायचं.

"तूच बोललीस ना गो," ते म्हणाले, "तुमच्या रीतीनं करा."

मी बोलले होते. मी तो डबा स्वतःच्या हाताने उचलून फळीवर ठेवला होता. त्या दोन बाटल्यांतले तुकडे मी स्वतः मोजले होते, आणि तरी मला कळलं नव्हतं की एकाचं विरजण दुसऱ्यात चालणार नाही. ते दोन एकमेकांत मिसळत नाहीत, मिलवर कितीही फिरवा, रेघ राहतेच. आणि ब्रेक ऑइल ती रेघ बरोबर शोधून काढतं. कुणाच्या कपात रेघ आली, कुणाच्या नाही. माझ्या तीनांत नव्हती.

मग मला मेटॅडोर आठवली आणि मी कप गोळा करून उठले.

उत्तमरावांच्या केबिनमध्ये दोघेही गेलो. मी सातही कप त्यांच्या टेबलाच्या काचेवर ठेवले आणि सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुणी टाकलं?"

"मी सांगितलं होतं त्यांना, तुमच्या रीतीनं करा. सहीसुद्धा माझी आहे."

"टाकला मी," दामाजीमामा म्हणाले. "तिनं नाय टाकला."

उत्तमरावांनी एक कप उचलून बघितला. मला वाटलं आता दोघांनाही घरी पाठवतात. ते म्हणाले, "ते नंतर. दोनशे किट बाहेर आहेत." देवरामच्या शेजारच्या दुकानात फोन लावला, लागला नाही. त्यांनी फियाटची किल्ली उचलली. दामाजीमामाही न विचारता मागे बसले, डबा मांडीवर घेऊन.

शीळ फाटा, मग मुंब्रा. मी घड्याळ बघत होते. साडेबाराला शाळा सुटते. आबा बावीस मुलांना घेऊन निघतात आणि राबोडीच्या तोंडाशी उतार आहे. मी आयुष्यात देवाकडे फार मागितलेलं नाही, परीक्षेतसुद्धा नाही. आज कळव्याच्या पुलावर मागितलं.

पावणेबाराला खोपटला पोचलो. गॅरेजच्या बाहेर मेटॅडोर उभी होती. आत आमच्या कंपनीचं नाव छापलेलं खोकं जमिनीवर होतं आणि त्याच्यावर आबा पेपर वाचत बसले होते. शेजारी जेवणाचा डबा.

देवराम हात पुसत आला. "बरं झालं साहेब आलात. दोन आठवडे झाले, हे काका खोक्यावरून उठत नाहीत. म्हणतात, माझी मुलगी न्यायला येईल, तोपर्यंत एकही किट गाडीत बसवायचं नाही. संध्याकाळी घरी जाताना माझ्याकडून शपथ घेतात."

उत्तमरावांनी खोकं उघडून मोजलं. एकशे नव्व्याण्णव.

मी आबांना विचारलं, "तुमच्या गाडीतलं?"

"दोन तारखेलाच काढलं." त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत एक कप, एका बाजूने सुजलेला. "मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक पेडल सोडलं तरी सुटेना. मुलं सोडली आणि ब्रेक घासतो त्या ड्रमला हात लावला तर चटका बसला. जुनं रबर परत बसवून घेतलं."

चहाचं पातेलं. तूप. मी त्यांच्या बोटांकडे बघितलं, अजून डाग आहेत.

"मला का नाही सांगितलं?"

ते पेपरची घडी घालत होते. घडी नीट येईना. "सांगणारच होतो. जिना चढेपर्यंत ठरवलं होतं. तू दार उघडलंस आणि त्या रबराचंच सांगायला लागलीस. इतकी खुशीत होतीस." मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी वाटलं, मी सांगितलं तर नुसती रडशील. तुझं तुला सापडलं तर पुढच्या वेळीही शोधशील. म्हणून थोडं थांबलो. थांबलो ते बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही."

"आणि मला सापडलंच नसतं तर?"

"बसलो असतो," आबा म्हणाले.

दामाजीमामा पुढे आले आणि आबांच्या पायाशी वाकले. आबांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं. दोघे साधारण एका वयाचे. आबांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, "शाळा सुटेल," आणि गाडी घेऊन गेले.

इतके दिवस मी एका रबराला बघून थक्क होत होते. घरात हा माणूस चोवीस वर्षं आहे.

२० फेब्रुवारी

सुजलेल्या कपातली रेघ, भोवतालच्या थोड्या रबरासकट, कापून इंजिनच्या तेलात ठेवली होती. आज काढली, जशीच्या तशी. भोवतालचं रबर फुगलेलं. नायट्राइल, पुराव्यासकट. दोन्ही लॉट ब्लेडने कापून फेकले, कापायला मी, केशरबाई आणि उत्तमराव स्वतः.

कुणालाही काढलेलं नाही. उत्तमराव एवढंच म्हणाले की तीनचे चाळीस करा, आणि मिलवर काय पडतं ते केमिस्टने उभं राहून बघायचं. मी उभी राहते. आज दिवसभरात पायांना गोळे आले आणि दामाजीमामांनी स्टूल आणून दिलं.

५ मार्च, रविवार

दामाजीमामांनी दोन डबे केले आहेत, एक पिवळा, एक हिरवा, ऑइलपेंटने रंगवलेले. हिरव्यात फक्त इप्पीचं विरजण, फळीवर पिवळ्यापासून हातभर लांब. पहिला गोळा पुस्तकाप्रमाणे घासून लख्ख केलेल्या रुळांवर त्यांनीच साडेपाच तास लढून चढवला. रोज सकाळी डबा उघडायच्या आधी ते मला हाक मारतात. मला दिसतंय की कुठला डबा आहे, तरी ते हाक मारतात, आणि तरी मी जाते.

चाळीसांपैकी चाळीस पास. मी दोनदा मोजले. मग बरणीतून एक कप काढून कितीतरी वेळ दाबत-सोडत बसले. नवल कमी झालेलं नाही. फक्त आता मी त्याच्याकडे आदराने बघते तशी संशयानेही बघते, आणि मला वाटतं आधी मी नुसतीच बघत होते. आईची कुकरची रिंगही तयार झाली. ती म्हणाली, शिटी लवकर होते. हे शास्त्रात बसत नाही, पण मी वाद घातला नाही.

आज रविवारी शाळा बंद, कारखाना चालू असतो, पण मीही सुटी मागून घेतली. नवं किट देवरामने मेटॅडोरमध्ये बसवलं. आबांनी मला शेजारच्या सीटवर बसवलं आणि राबोडीचा तो उतार चार वेळा उतरवला. रिकाम्या गाडीत बावीस छोट्या जागा मागे खडखडत होत्या. चौथ्यांदा खाली थांबले, हँडब्रेक ओढला, उतरले, मलाही उतरायला लावलं. मागच्या डाव्या चाकापाशी आम्ही दोघे उकिडवे बसलो. त्यांनी माझा हात धरला, उलटा केला आणि बोटांची मागची बाजू ड्रमला टेकवली.

कोमट होता. चारदा ब्रेक लावल्यावर असावा तेवढाच.

"आता बाकीची तीन," आबा म्हणाले.